चाळिशीचा चष्मा आणि आपली आवड

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती, दवाखान्यात गर्दी नव्हती. शिवणकाम करून घर चालवणाऱ्या एक बाई बोटाला फडके गुंडाळून आल्या. मशीनची सुई नखातून थेट आत गेली होती आणि तिचा तुकडा आतच मोडला होता. बोट बधिर करून तुकडा काढला, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, पट्टी बांधली. हे सगळे चालू असताना मी विचारले, "चष्मा कुठं आहे तुमचा?"

"घरी आहे. त्याच्या घरातच ठेवलाय."

मला राग आला. दोन महिन्यांपूर्वी मीच त्यांना परभणीला डोळे तपासायला पाठवले होते. त्याआधी चार वर्षे त्या आपल्या दिवंगत यजमानांचा चष्मा वापरत होत्या. त्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, काचेला चरे पडलेले आणि नंबर तर यांचा नव्हताच. रोज संध्याकाळी डोके दुखते म्हणून गोळी मागायला यायच्या. तपासणी झाली, स्वतःच्या नंबरचा नवा चष्मा आला आणि तो पुन्हा घरातच? मी दोन शब्द जास्तच बोललो. त्यांनी खाली मान घालून उत्तर दिले, "तुम्हीच म्हणाला होतात ना डॉक्टरसाहेब, साधी फ्रेम घ्यायची होती म्हणून."

मग मला आठवले. नवा चष्मा घेतल्यावर त्या दाखवायला आल्या होत्या. गडद डाळिंबी रंगाची, थोडी रुंद फ्रेम होती. गल्लीत कुणीतरी म्हणाले होते, "नवरा गेल्यावर आता कुणासाठी नटायचं?" घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनीही नाक मुरडले होते. चष्मा घालू की बदलून आणू, एवढेच त्यांना विचारायचे होते. समोर तीस पेशंट बसलेले. मी मान वर न करताच म्हणालो, "काय बिघडलं असतं साधी घेतली असती तर?" माझ्यासाठी विषय तिथेच संपला. त्यांच्यासाठी मात्र तो डॉक्टरचा सल्ला होता. त्यांनी चष्मा ठेवून दिला आणि पुन्हा नवऱ्याचा जुना चष्मा नाकावर चढवला. दोन महिन्यांनी सुई बोटात गेली.

ही हकिकत बाईंच्या परवानगीने आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून लिहितो आहे. चूक माझी होती, म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

चाळिशीत डोळ्यात होते काय?

आपल्या भाषेत एक गंमत आहे. जवळचे वाचण्याच्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो. वयाचे नाव आणि वस्तूचे नाव एकच. 'चष्मा' हा शब्द आला फारसीतून. तिथे 'चश्म' म्हणजे डोळा. पण 'चाळिशी' हे नाव आपण मराठी माणसांनी ठेवले. ते अचूक आहे, पण माझ्या मते त्यानेच घोटाळा केला आहे. चाळिशी लावणे म्हणजे आपले वय झाले असे चारचौघांत कबूल करणे, असे लोकांना वाटते. म्हणून पेपर हळूहळू लांब जातो, लग्नपत्रिका उजेडाकडे धरली जाते, मोबाईलवरची अक्षरे मोठी केली जातात, पण चष्मा काही लागत नाही.

खरे कारण अगदी साधे आहे. डोळ्यात एक नैसर्गिक भिंग असते. लहानपणी ते लवचिक असते. जवळचे पाहताना भोवतालचे स्नायू आवळतात, भिंग फुगते आणि अक्षर स्पष्ट दिसते. वयाबरोबर हे भिंग कडक होत जाते आणि चाळिशीच्या सुमारास पुरेसे फुगेनासे होते. मग जवळचे धूसर दिसू लागते. हा आजार नव्हे, अशक्तपणाही नव्हे. गाजर, थेंब, टॉनिक किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी कडक झालेले भिंग पुन्हा मऊ होत नाही. चष्मा लावल्याने नंबर वाढतो हेही खरे नाही. चाळिशीत साधारण एकचा नंबर लागतो आणि साठीपर्यंत तो दोन-अडीचपर्यंत जातो. तो वयाने वाढतो. चष्मा लावला तरी वाढतो आणि नाही लावला तरी वाढतो.

ज्यांना तरुणपणापासून लांबचे कमी दिसते, म्हणजे उणे नंबर आहे, त्यांच्यापैकी काहींना चष्मा काढून वाचता येते. ते फुशारकी मारतात, "मला अजून चाळिशी नाही." त्यांच्याही भिंगाला चाळिशी आलेली असते, फक्त उणे नंबरामुळे ती झाकली जाते.

मीही त्यातलाच

दुसऱ्याला शहाणपण शिकवणे सोपे असते. माझ्या स्वतःच्या डोळ्यांना त्रेचाळिसाव्या वर्षी त्रास सुरू झाला. इंजेक्शनच्या बाटलीवरची तारीख वाचता येईना. मी कंपाउंडरला म्हणायचो, "बघ रे, तारीख गेली नाही ना?" वरून आव असा की मी त्याची परीक्षा घेतो आहे. असे सहा महिने काढले. एका लहान मुलाच्या औषधाच्या चिठ्ठीवर मी लिहिलेला मिलीचा आकडा मलाच वाचता आला नाही, त्या दिवशी मात्र घाम फुटला आणि मी तडक चष्मा करून आणला. फ्रेम कोणती? दुकानदाराने जी पहिली पुढे केली ती. काळी, चौकोनी, जाड. डॉक्टरला शोभेल म्हणाला. त्यानंतर काचा तीनदा बदलल्या, फ्रेम मात्र तीच. अकरा वर्षे.

बाईंच्या बोटाला पट्टी बांधली त्यानंतर पंधराएक दिवसांनी माझा चष्मा स्कूटरखाली आला. आमच्या सौभाग्यवतींना घेऊन परभणीला गेलो. काउंटरवरच्या तरुणाने माझ्या डोक्याकडे पाहिले आणि न विचारताच काळ्या-तपकिरी फ्रेमचा ट्रे पुढे सरकवला. "काका, तुमच्या वयाला हे बरं दिसतं." मी त्यातली एक उचललीसुद्धा. तेवढ्यात सौभाग्यवती म्हणाल्या, "ती निळी दाखवा बरं." मला हसू आले. पण घालून आरशात पाहिले आणि क्षणभर थांबलो. अंबाजोगाईला शिकत असताना माझ्याकडे त्याच निळ्या रंगाचा एक शर्ट होता. तो मला फार आवडायचा. प्रॅक्टिस सुरू केल्यावर मी पांढऱ्या आणि राखाडी रंगाशिवाय काही घेतले नव्हते. कुणी मनाई केली नव्हती. मीच ठरवून टाकले होते की आता असे शोभत नाही.

निळी फ्रेम घेतली. दुसऱ्या दिवशी एक आजीबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आज लई येगळं दिसायलेत." बस्स, एवढेच झाले. पेशंट कमी झाले नाहीत, की औषधांचा गुण गेला नाही. पण त्याच वेळी ध्यानात आले की जे मला इतक्या सहज मिळाले, तेच त्या बाईंना मी नाकारले होते. मी पुरुष, वर डॉक्टर. माझ्या निळ्या फ्रेमचे लोकांनी कौतुक केले. त्यांच्या डाळिंबी फ्रेमला मात्र कारण विचारले गेले. सकाळ-संध्याकाळ कष्ट करणाऱ्या बाईला स्वतःच्या नाकावर काय असावे हे ठरवण्याचाही अधिकार नसेल, तर तो प्रश्न डोळ्यांच्या डॉक्टरने सोडवायचा नाही. तो आपणा सर्वांनी सोडवायचा आहे.

चष्मा हा चेहऱ्याचाच भाग

काही वाचक म्हणतील, डॉक्टर, दिसायला लागले म्हणजे झाले, फ्रेमचे काय एवढे? त्यांना मी एक उदाहरण देतो. २०१४ साली स्वच्छ भारत अभियानाचे बोधचिन्ह निवडले गेले. ते तयार केले आपल्या कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी. त्यात चेहरा नाही, काठी नाही, पंचा नाही. आहे तो फक्त एक गोल चष्मा. तरीही खेड्यातल्या पोरालाही कळते की हे गांधीजी. त्यांचा एक चष्मा २०२० साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल येथे २ लाख ६० हजार पौंडांना लिलावात गेला. आपल्या गावोगावच्या पुतळ्यांमध्ये बाबासाहेबांना आपण चष्म्याशिवाय ओळखूच शकणार नाही. हातातले पुस्तक आणि डोळ्यांवरचा चष्मा मिळून विद्वत्तेची ती मूर्ती पूर्ण होते. पु. ल. देशपांडे म्हटले की जाड काळी फ्रेम डोळ्यांपुढे येते.

या थोर माणसांनी फॅशन म्हणून चष्मा लावला असे मी म्हणत नाही. पण सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत जी वस्तू चेहऱ्यावर राहते, तिच्याकडे लोक पाहणारच आणि तिच्यावरून आपल्याला ओळखणारच. लग्नात नेसायची साडी आपण चार दुकाने फिरून घेतो. ती वर्षातून दोनदा नेसली जाते. रोज बारा तास चेहऱ्यावर असणारी फ्रेम मात्र 'कोणतीही द्या' म्हणून घेतो. हा हिशेब मला चुकीचा वाटतो.

पन्नाशीच्या आसपास माणूस बदलतो. मुले मोठी होतात, घरातल्या जबाबदाऱ्या वेगळ्या होतात, केस पांढरे होतात. आरशातला चेहरा आपल्याला न विचारता बदलत असतो. त्यात एखादी गोष्ट आपण स्वतः ठरवून बदलली तर मनाला उभारी येते, हे मी स्वतःवरून सांगतो. यात थिल्लरपणा काही नाही.

हे चोचले नव्हेत

पण माझा मुख्य मुद्दा आरोग्याचाच आहे. न आवडणारा चष्मा घरात राहतो आणि घरात राहिलेल्या चष्म्याचा डोळ्यांना शून्य उपयोग. औषधाचेही असेच असते. कडू गोळी कितीही गुणकारी असली तरी पेशंटने ती उशाखाली ठेवली तर ताप उतरत नाही.

चष्मा लावल्याने काय फरक पडतो हे आसाममधल्या एका अभ्यासाने चांगले दाखवले. २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. चहाच्या मळ्यातले चाळीस आणि त्यापुढच्या वयाचे ७५१ मजूर त्यात होते. काहींना जवळचे पाहण्याचा चष्मा लगेच दिला, काहींना अभ्यास संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांच्या रोजच्या पाने खुडण्याच्या कामात इतरांपेक्षा सुमारे २२ टक्के जास्त वाढ झाली. चहाची पाने खुडायला चष्मा लागतो, हे आपल्यापैकी कुणाच्या डोक्यात आले असते?

आपल्या मानवतचा विचार करा. आडतीवर बसून पट्ट्या लिहिणारे मुनीम, शिंपी, सोनार, भाजीतल्या अळ्या पाहणाऱ्या आणि तांदळातले खडे वेचणाऱ्या गृहिणी, सगळ्यांचे काम जवळच्या नजरेवर चालते. कापसावर फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याचे तर विचारूच नका. कीटकनाशकाच्या बाटलीवरचा रंगीत त्रिकोण लांबून दिसतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. पण किती पाण्यात किती औषध, विषबाधा झाली तर काय करायचे, ही माहिती असते बारीक अक्षरात. पंचेचाळीस वर्षांचा शेतकरी ती चष्म्याशिवाय वाचणार कशी? तो अंदाजाने झाकण भरतो. त्याला चष्मा विचारला तर उत्तर ठरलेले, "शेतात चष्मा लावून गेलं की लोक हसतेत, मास्तर म्हणतेत." त्याला सांगायला हवे की बाबा, तुला आवडेल, घट्ट बसेल आणि घामाने घसरणार नाही अशी फ्रेम घे, पण घे.

फ्रेम निवडताना

आवड तुमची, पण काही गोष्टी डोळ्यांच्या सोयीच्या आहेत. त्या ध्यानात ठेवाव्यात.

आधी डोळे तपासा, मग फ्रेम पाहा. बाजारात टांगलेले तयार चष्मे दोन्ही डोळ्यांना एकाच नंबरचे असतात. ज्याचे दोन्ही डोळे सारखे आणि तिरका नंबर नाही, त्याचे वाचनापुरते त्यावर भागते. पण त्यात डोळ्यांची तपासणी होत नाही, हा मोठा तोटा. दुसऱ्याचा चष्मा, मग तो कितीही प्रेमाच्या माणसाचा असो, आठवण म्हणून जपून ठेवावा. डोळ्यांवर लावू नये.

फ्रेम घातल्यावर आपले बुबुळ काचेच्या साधारण मध्यावर यावे. नाकावरचा पूल नीट टेकावा. काड्यांनी कानशील दाबू नये आणि मान खाली घातली तर चष्मा घसरू नये. काडीच्या आतल्या बाजूला बारीक आकडे असतात, जसे ५२, १८, १४०. पहिला काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची, तिसरा काडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. जुना चष्मा चांगला बसत असेल तर त्याचे आकडे लिहून न्यावेत.

नंबर जास्त असेल तर फार मोठी फ्रेम घेऊ नये, कारण काच जड आणि कडेला किंवा मध्ये जाड होते. लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत हवा असेल, मग ती रेघ असलेली असो वा बिनरेघेची, तर अगदी बुटकी फ्रेम नको. वाचायच्या भागाला खाली जागा उरत नाही. बिनरेघेच्या काचेची सवय व्हायला काही दिवस लागतात. सुरुवातीला जिना उतरताना जपावे.

आपल्याकडचा उन्हाळा आणि घाम लक्षात घ्यावा. हलक्या धातूच्या फ्रेमला घामाने हिरवा गंज चढतो. काहींना धातूतल्या निकेलने नाकावर आणि कानामागे खाज येऊन पुरळ उठते. त्यांनी प्लॅस्टिकची किंवा टायटॅनियमची फ्रेम घ्यावी. आणि चष्मा पदराने, धोतराने किंवा शर्टाच्या टोकाने पुसू नये, प्लॅस्टिकच्या काचेवर चरे पडतात. पाण्याने आणि साबणाच्या थेंबाने धुवावा, मऊ कापडाने टिपावा.

रंग आणि आकाराबद्दल डॉक्टर म्हणून मला काही सांगायचे नाही. गोल चेहऱ्याला अमुक आणि लांब चेहऱ्याला तमुक, असे दुकानदार सांगतात. ऐकून घ्यावे. मग आरशात पाहावे आणि ज्यात स्वतःला बरे वाटते ती घ्यावी. महाग असलीच पाहिजे असे मुळीच नाही. स्वस्तातल्या ट्रेमध्येही चार रंग असतात. ते दाखवा म्हणून सांगायला लाजू नये.

नुसत्या चष्म्यावर थांबू नका

चाळिशीचा चष्मा करायला जाल तेव्हा डोळ्यांचा दाब आणि पडदा तपासून घ्या. काचबिंदू बहुतेक वेळा न दुखता, न कळता नजर चोरतो आणि गेलेली नजर परत येत नाही. घरात कुणाला काचबिंदू असेल तर अजिबात टाळू नका. नंबर सारखा बदलत असेल तर रक्तातली साखर तपासा. साखर वर-खाली झाली की नंबरही हलतो. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात येऊन काही आठवडे झाल्यावरच नवा चष्मा करावा, नाहीतर पैसे वाया जातात. आणि साठीतल्या माणसाला अचानक चष्म्याशिवाय वाचता येऊ लागले तर पेढे वाटण्याआधी डॉक्टरकडे जा. बऱ्याचदा ती मोतीबिंदूची सुरुवात असते. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम आपल्या देशात १९७६ सालापासून आहे. सरकारी रुग्णालयात जाऊन डोळे तपासून घेण्यात कमीपणा मानू नये.

शिवणकाम करणाऱ्या त्या बाईंना मी दुसऱ्यांदा पट्टी बदलायला आल्या तेव्हा स्पष्ट सांगितले, "त्या दिवशी मी चुकीचं बोललो. तुमचा चष्मा चांगला आहे, तोच लावा." त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात टाके काढायला आल्या तेव्हा डाळिंबी फ्रेम डोळ्यांवर होती. डोकेदुखीची गोळी त्यांनी त्यानंतर मागितलेली नाही. गल्लीतले बोलणे थांबले का, असे मी विचारले. म्हणाल्या, "नाही थांबलं. पण आता सुईत दोरा पहिल्याच खेपेला जातोय."

वाचकहो, तुमच्या घरात एखादा चष्मा त्याच्या घरातच पडून असेल तर आज तो काढा. ज्याचा आहे त्याला विचारा की का लावत नाही. काच चुकली असेल तर काच बदला, फ्रेम आवडत नसेल तर फ्रेम बदला. आणि लोक काय म्हणतील एवढेच कारण असेल, तर त्या लोकांपैकी एक आपण नाही ना, हे आधी पाहा. मी होतो, म्हणून सांगतो.